पामेलाचा भाव : दुष्काळाच्या वर्षात लुसाकातलं एक घर

झांबियाची राजधानी लुसाका; तिथल्या वस्त्यांमध्ये 'पामेला' हे बाईचं नाव नव्हे, पिठाचं माप आहे. कुठल्याही कोंबोनीत, म्हणजे दाट गरीब वस्तीत, संध्याकाळी पाचनंतर बाजाराच्या तोंडाशी उभं राहिलं की ते माप दिसतं. फळकुटावर मक्याच्या पांढऱ्या पिठाची पंचवीस किलोची पिशवी फोडून ठेवलेली असते. विकणारी बाई छोट्या डब्याने पीठ मापते, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ओतते आणि गाठ मारते. एक गाठ म्हणजे एका घरचं आजचं जेवण. उद्याचं उद्या.

झांबियातल्या २०२४ सालच्या महागाईची ही मांडणी मी या गाठीपासून सुरू करतो आहे, कारण त्या वर्षाबद्दल जे लिहिलं गेलं त्यात पंचवीस किलोच्या पिशवीचा भाव सगळीकडे सापडतो आणि या गाठीचा भाव क्वचितच. सांख्यिकी कार्यालय पिशवी मोजतं, मंत्री पिशवीवर बोलतात, विरोधक पिशवीवरून सरकारला धारेवर धरतात. पण ज्यांना महागाई सगळ्यात जास्त बोचली त्यांच्यातल्या पुष्कळांनी त्या वर्षात अख्खी पिशवी विकतच घेतली नाही. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे. वस्तू केवढ्याला मिळते याइतकंच ती केवढ्या मापात घेणं परवडतं, यावर गरिबाची महागाई ठरते.

वर्ष कसं आलं

झांबियाचं मुख्य अन्न न्शिमा. आपल्याकडच्या तांदळाच्या उकडीची आठवण होईल असा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. हाताने तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि पालेभाजी, सुकी मासळी किंवा घेवड्याबरोबर खायचा. न्शिमा नसेल तर बाकी काहीही खाल्लेलं असो, माणूस जेवलो म्हणत नाही. पिठाचे दोन प्रकार: कोंडा काढलेलं पांढरंशुभ्र 'ब्रेकफास्ट' आणि थोडं जाडंभरडं, थोडं स्वस्त 'रोलर'. या पिठाच्या भावाने तिथे सरकारं हललेली आहेत. जून १९९० मध्ये भाव एकदम दुपटीच्या वर नेला तेव्हा लुसाकात दंगली उसळल्या. १९६४ पासून सत्तेवर असलेल्या केनेथ काउंडांना बहुपक्षीय निवडणुका मान्य कराव्या लागल्या आणि १९९१ मध्ये ते हरले.

२०२३-२४ च्या हंगामात एल निनोमुळे ऐन भरात पाऊस गेला. जानेवारी-फेब्रुवारीत, कणसं भरायच्या वेळी, दक्षिण आणि मध्य झांबियाची शेतं उभी वाळली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ११६ पैकी ८४ जिल्ह्यांना फटका बसला होता. पेरलेल्या सुमारे २२ लाख हेक्टर मक्यापैकी १० लाख हेक्टर गेला. आदल्या वर्षी ३२ लाख टनांच्या वर असलेलं पीक १५ लाख टनांवर आलं.

मात्र सगळं खापर पावसावर फोडणं मला पटत नाही. पिठाचा भाव दुष्काळाच्या आधीच, २०२३ मध्येच चढायला लागला होता. पीक बरं असूनही मका आणि पीठ उत्तरेला काँगोत जात होतं, कायदेशीर वाटेने आणि चोरट्याही. त्याच्याही मागे गेलं तर नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने परदेशी रोख्यांचा हप्ता चुकवला, ऑगस्ट २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १३० कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला, आणि दरम्यान इंधनावरचं अनुदान गेलं. पंपावरचे दर दर महिन्याला बदलू लागले. म्हणजे दुष्काळ आला तेव्हा घरातला राखीव पैसा आधीच संपलेला होता.

धरण आटलं की चूल बदलते

झांबियाची सुमारे ८५ टक्के वीज पाण्यापासून होते. झांबेझीवरचं करिबा धरण १९५९ मध्ये उभं राहिलं. त्याचा जलाशय साठ्याच्या मापाने जगातला सगळ्यात मोठा मानवनिर्मित तलाव आहे आणि पाणी झिंबाब्वेबरोबर वाटून घ्यावं लागतं. उत्तर काठावरच्या झांबियाच्या वीजकेंद्राची क्षमता १,०८० मेगावॉट. २०२४ च्या सप्टेंबरात तिथून जेमतेम दहावा हिस्सा वीज निघत होती. मार्चमध्ये भारनियमन सुरू झालं ते दिवसाला आठ तासांनी. मग बारा झाले, सतरा झाले, आणि सप्टेंबरपर्यंत कितीतरी भागांत एकवीस तास अंधार.

एकवीस तास वीज नाही याचा अर्थ तीन तास आहे, आणि ते तीन तास कधी येतील ते आपल्या हातात नाही. पुष्कळांकडे ते मध्यरात्री यायचे. रात्री दीडला बल्ब लागला की अख्खं घर उठायचं. कोणी शाळेचा गणवेश इस्त्री करतंय, कोणी फोन चार्जिंगला लावतंय, कोणी विजेच्या शेगडीवर उद्याची भाजी करून ठेवतंय. वेल्डिंगवाले आणि न्हावी दुकानातच झोपायला लागले, कारण त्यांचा धंदा आता वीज येईल तेव्हाचा होता. ज्याचं पोट रोजच्या कमाईवर आहे त्याचा दिवस आठ-दहा तासांवरून दोन-तीनवर येणं हा पगार कापल्याचाच प्रकार, फक्त त्याची पावती मिळत नाही.

लुसाकातल्या वस्त्यांमध्येही विजेची दोन चुलींची शेगडी हे स्वयंपाकाचं साधन होऊ लागलं होतं. फोनवरून युनिट भरायचे, संपले की पुन्हा भरायचे. वीज गेल्यावर सगळे एकदम मलाशाकडे, म्हणजे लाकडी कोळशाकडे वळले. पत्र्याची भोकं पाडलेली शेगडी, तिला तिथे म्बाउला म्हणतात, अंगणाअंगणात धगधगू लागली. मागणी वाढली, भाव चढला, आणि शहराभोवतीची जंगलं आणखी मागे हटली.

इथे एक गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. घेवडा हे गरिबाचं स्वस्त प्रथिन. पण सुका घेवडा शिजायला दोन-अडीच तास लागतात, आणि तेवढा वेळ म्बाउला पेटती ठेवायची तर घेवड्याच्या किमतीत कोळशाची किंमत मिळवावी लागते. वीज असताना हा हिशेब कोणी करत नव्हतं. वीज गेल्यावर घेवडा आपला भाव न वाढताच महाग झाला. मग ताटात काय आलं? चटकन शिजणारं. रेप नावाची हिरवी पालेभाजी, सोयाच्या वड्या, आणि कपेन्टा, आपल्याकडच्या सुकटीसारखे छोटे वाळवलेले मासे. (कपेन्टा मूळचे टांगानिका सरोवरातले, करिबात ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेऊन सोडले.) कोणत्याही भावफलकावर न दिसणारी ही महागाई आहे, आणि मुलांच्या अंगावर ती दिसायला वेळ लागतो.

एका घराचा हिशेब

आता एक घर घेऊ. हे घर मी हिशेबासाठी मांडलं आहे. माणसं कल्पित आहेत आणि रकमा त्या वर्षीच्या परिस्थितीला धरून अंदाजाने घातल्या आहेत. लुसाकाच्या पूर्वेला म्तेंदेरे नावाची वस्ती आहे. तिथे दोन खोल्यांत पाच माणसं. नवरा रात्रपाळीचा पहारेकरी, बायको टोमॅटो-कांद्याचं छोटं दुकान, म्हणजे कान्तेम्बा, चालवते. तीन मुलं. क्वाचा हे झांबियाचं चलन. त्याचा भाव त्या वर्षाच्या अखेरीस डॉलरला सत्तावीस-अठ्ठावीस होता, म्हणजे एक क्वाचा आपल्या तीन रुपयांच्या आसपास.

नवऱ्याचे २,३०० क्वाचा. बायकोचा नफा महिन्याला सरासरी १,०००. एकूण ३,३००.

भाडं ७००. पाच माणसांना महिन्याला पन्नास किलो पीठ लागतं; त्या वर्षाच्या मध्यात ब्रेकफास्ट पिठाची पंचवीस किलोची पिशवी साडेतीनशेच्या आसपास होती, तेव्हा दोन पिशव्यांचे ७००. भाजी, तेल, मीठ, साखर, साबण मिळून दिवसाला २५ धरले तर ७५०. कोळसा ४००. नवऱ्याचं बसभाडं ५००. नळकोंडाळ्यावरून वीस लिटरच्या डब्यांनी आणलेलं पाणी १००. फोन १००. मुलांच्या वह्या, बूट, शाळेची किरकोळ वर्गणी १५०.

बेरीज ३,४००. शंभर कमी पडले. आणि यात आजारपण नाही, गावाकडे पाठवायचे पैसे नाहीत, कोणाचं मर्तिक नाही. झांबियात मर्तिकाला जाणं आणि तिथे काहीतरी देणं टाळता येत नाही.

पण हा हिशेब अजून खोटा आहे, कारण मी पीठ पिशवीने घेतलंय असं धरलं. पगार महिनाअखेरीस येतो. आदल्या महिन्याची उधारी आणि भाडं दिल्यावर हातात साडेतीनशे एकरकमी उरतीलच असं नाही. बायकोची कमाई तर रोज चाळीस-पन्नासने येते. तेव्हा महिन्याच्या दहाव्या-बाराव्या दिवसापासून ती पामेला घेते. पिशवीत किलोला १४ क्वाचा पडतात. फोडून विकणारी ते किलोमागे १८ ते २० ला देते असं धरू, आणि तिलाही दोष देता येत नाही, तिचंही घर त्या चार-सहा क्वाचांवर चालतं. २० च्या भावाने महिनाभर पामेलावर काढला तर ७०० चे १,००० होतात. शंभराचा खड्डा चारशेचा झाला.

कोळशाचंही तेच. मोठं पोतं घेणाऱ्याला किलोमागे कमी पडतं, पण पोत्याएवढे पैसे एका वेळी नसले की प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत मोजून बांधलेला कोळसा घ्यायचा. तेल बाटलीने नाही, चमच्याच्या मापाने बांधलेल्या चिमुकल्या पुड्यांत. एकेका पुडीत दोन-दोन क्वाचांचा फरक असेल, पण तो दिवसातून चार वेळा.

खड्डा बुजवायचे रस्ते दोन. एक चिलिम्बा. हिला आपण भिशी म्हणतो, आणि चालते अगदी तशीच: आठ-दहा बायका दर आठवड्याला ठरावीक रक्कम काढतात, दर वेळी एकीला सगळी मिळते. जिचा नंबर लागतो ती त्या पैशांतून पहिली पिठाची पिशवी आणते. घराला घाऊक भावाने पीठ मिळण्याचा हा एकच खात्रीचा मार्ग, म्हणून मला चिलिम्बा ही त्या वर्षातली सगळ्यात कर्तबगार संस्था वाटते. पण कमाई बुडाली की हप्ता चुकतो, आणि हप्ता चुकवणारीला पुढच्या फेरीत घेत नाहीत. भारनियमनाने अनेकींची कमाई मोडली तशा भिशाही मोडल्या असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरा रस्ता कलोबा. शंभर घ्या, महिन्याने दीडशे द्या. नड मोठी असेल तर दोनशे. तारण म्हणून टीव्ही, फोन, कधी बँकेचं कार्डच. एकदा चारशेचं कलोबा घेतलं की पुढच्या महिन्याच्या ३,३०० मधून सहाशे आधीच गेलेले असतात.

टोपली आणि किमान वेतन

लुसाकातली जेझुइटांची धर्मचिंतन संस्था तीन दशकांहून अधिक काळ दर महिन्याला एक यादी काढते: पाच माणसांच्या कुटुंबाला नीट जगायला लागणारं अन्न, कोळसा, वीज, पाणी, साबण, घरभाडं. तिला तिथे नुसतं 'बास्केट' म्हणतात आणि ती वर्तमानपत्रांत छापून येते. २०२४ च्या उत्तरार्धात लुसाकातली ही टोपली दहा हजार क्वाचांच्या वर होती. आपलं घर तिच्या एक-तृतीयांशावर चाललं होतं.

त्याच वर्षाच्या जानेवारीपासून घरकामगारांचं किमान वेतन १,३०० क्वाचा झालं. त्याआधी ते ९९३ होतं आणि २०१८ पासून हललंच नव्हतं. वाढ झाली ही चांगलीच गोष्ट. पण १,३०० मधून दोन पिशव्या पिठाचे ७०० काढा, उरतात ६००. दुसऱ्याच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईचा निम्म्याहून जास्त पगार स्वतःच्या घरच्या पिठात जातो, तोही ती पिशवीने घेऊ शकली तर. २०२२ च्या पाहणीनुसार देशातली ६० टक्के माणसं दारिद्र्यरेषेखाली होती. त्यांच्यातल्या ग्रामीण भागातल्यांची गोष्ट आणखी वेगळी आणि आणखी कठीण आहे. हे लिखाण शहरापुरतं आहे.

सरकारने काय केलं

बरंच केलं, हे मान्य करायला हवं. मक्याची निर्यात रोखली. बाहेरून मका आणि वीज आणली. राष्ट्रीय सेवा दलाच्या गिरण्यांमधून बाजारभावाहून स्वस्त पीठ वस्त्यांमध्ये पोचवायचा प्रयत्न केला. २०२२ पासून सरकारी शाळांतलं शिक्षण मोफत केलेलं होतं. ते नसतं तर आपल्या हिशेबातली तीन मुलं त्या वर्षी शाळेत राहिली नसती.

पण प्रत्येक उपायाला डॉलर लागत होते. वीज आयात करायची तर डॉलर, मका आणायचा तर डॉलर, आणि पेट्रोल-डिझेल तर सगळंच बाहेरचं. न्डोलाची इंडेनी रिफायनरी २०२१ च्या अखेरीपासून बंद, डिझेल दार-ए-सलामहून नळाने येतं. डॉलर मिळवून देतं तांबं, आणि तांब्याच्या खाणी देशातली निम्मी वीज खातात. वीज नाही म्हणजे खाणींवर ताण, म्हणजे डॉलर कमी, म्हणजे क्वाचा घसरला, म्हणजे बसभाडं वाढलं. धरणातलं पाणी असं फिरून बसच्या तिकिटात येतं. डिसेंबर २०२४ मध्ये वार्षिक महागाई १६.७ टक्के होती आणि अन्नाची त्याहून जास्त.

स्वस्त सरकारी पिठाबद्दल मला एक तक्रार आहे. तेही मुख्यतः पंचवीस किलोच्या पिशवीतच यायचं. ज्याच्या हातात पिशवीएवढे पैसे आहेत त्याला सवलत मिळाली. फोडून विकणाऱ्यांनीही ती घेतली असेल. पाच आणि दहा किलोच्या सवलतीच्या पिशव्या वस्तीतल्या कान्तेम्बांपर्यंत नेल्या असत्या तर तेवढ्याच पैशात मदत तळापर्यंत गेली असती. गिरणीला लहान पिशवीचा खर्च जास्त पडतो हे खरं आहे. पण तो फरक कोणीतरी सोसतोच, आणि आज तो पामेला घेणारी सोसते.

दुसरा मार्ग चिगायोचा होता. चिगायो म्हणजे वस्तीतली चक्की. मका घेऊन जायचा आणि कोंड्यासकट दळून आणायचा. त्या पिठाला मुगाइवा म्हणतात, ते स्वस्तही आणि पौष्टिकही. त्या वर्षी सरकारी अन्न राखीव संस्था शेतकऱ्याला पन्नास किलो मक्याचे ३३० क्वाचा देत होती, आणि शहरात पंचवीस किलो पीठ ३५० ला होतं. मधली तफावत एवढी असताना मका सरळ वस्तीत आणून दळणं शहाणपणाचं होतं. अडचण अशी की वस्तीतल्या चक्क्या विजेवर चालतात. आधीचे राष्ट्राध्यक्ष एडगर लुंगू यांच्या काळात देशभर २,००० सौर चक्क्या बसवायची योजना निघाली होती, पिठाचा भाव उतरावा म्हणूनच. ती नेटाने चालवली असती तर २०२४ हे तिच्या कसोटीचं वर्ष ठरलं असतं. विजेच्या चक्कीसमोर मक्याचं घमेलं घेऊन बायका बसल्या आहेत आणि वीज कधी येईल याचा पत्ता नाही, हे त्या वर्षातलं खरं चित्र.

आणि मुगाइवाबद्दल आणखी एक. पांढरंशुभ्र पीठ हे तिथे प्रतिष्ठेचं आहे. पाहुण्याला करडी न्शिमा वाढणं कमीपणाचं वाटतं. हा पोकळ अभिमान म्हणून मी सोडून देणार नाही. सगळंच कमी पडत असताना ताटातला पांढरा गोळा हे घर अजून उभं असल्याचं लक्षण असतं, आणि आई ते सगळ्यात शेवटी सोडते.

नंतर

२०२४-२५ ला पाऊस भरघोस झाला. मका ३६ लाख टनांच्या वर गेला, आजवरचं सर्वाधिक पीक. २०२५ च्या जूनमध्ये चिसाम्बाचं १०० मेगावॉटचं सौर केंद्र सुरू झालं. क्वाचा सावरला आणि वर्षाच्या अखेरीस महागाईचा दर ११ टक्क्यांच्या आसपास आला.

महागाईचा दर उतरला याचा अर्थ भाव उतरले असा नाही; ते आता सावकाश वाढत आहेत एवढाच. पिठाची पिशवी थोडी खाली आली, बसभाडं आणि भाडं आलं नाही. म्तेंदेरेतल्या आपल्या घरात वीज बरीचशी परतली असेल, पण म्बाउला अंगणातून हललेली नाही, कारण युनिट भरायलाही आधी पैसे लागतात आणि कोळशाची छोटी पिशवी संध्याकाळच्या गल्ल्यातून घेता येते. चिलिम्बात बायकोचा नंबर पुन्हा लागायचा असेल तर आधी कलोबाचं शेवटचं देणं फिटायला हवं. तोवर ती संध्याकाळी पाचला त्याच फळकुटासमोर उभी राहते, डबा काठोकाठ भरला आहे ना ते बघते, आणि गाठ बांधायच्या आधी वर चिमूटभर पीठ मागून घेते.